व्हायोलिन की सरोद?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी दोन्ही वाद्यं आहेत, आणि भाचीने कोणतं शिकावं यावर महिनाभर चर्चा चालू आहे. माझ्या मते खरा फरक तार हलते कशी, यात आहे.

सरोदची तार जव्याने, म्हणजे नारळाच्या करवंटीच्या छोट्या तुकड्याने, छेडतात. धक्का एकदाच, मग कंप विरत जातो. व्हायोलिनचा गज मात्र तारेला सोडतच नाही. राळ लावलेले घोड्याचे केस तारेला चिकटून ओढतात, ताण वाढला की ती सटकते, पुन्हा चिकटते. ४४० हर्ट्झच्या सुराला हे सेकंदात ४४० वेळा घडतं! म्हणून सूर गळ्यासारखा लांबवता येतो. परवा भाचीने राळ न लावताच नवा गज फिरवला; केस तारेवरून नुसते घसरले, आवाज जवळजवळ नाहीच.

नुसती तार फारशी हवा हलवत नाही. घोडी, म्हणजे तारांखालची उभी पट्टी, तिचा कंप खाली पोचवते: सरोदमध्ये बकऱ्याच्या ताणलेल्या कातड्याला, व्हायोलिनमध्ये स्प्रूसच्या पातळ फळीला. या फळीखाली, घोडीच्या एका पायाजवळ, बारीकशी काडी उभी असते. ती कंप मागच्या मेपलच्या फळीपर्यंत नेते. इटालियनमध्ये तिला ‘आनिमा’, म्हणजे आत्मा म्हणतात. ती किंचित सरकली तरी आवाज बदलतो.

दमट हवेत सरोदचं कातडं सैल पडतं, तेवढी काळजी जास्त.

ग्वाल्हेरात राहून, सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांच्या घरातलं ‘सरोद घर’ हे संग्रहालय पाहून सरोदला नाही म्हणणं जड जातं. पण पोर गाणारी आहे. मी व्हायोलिनच म्हणेन.