प्रदर्शनाला कोल्हापुरात आलात, तर फिरायला सकाळ बरी की संध्याकाळ?

फाउंड्री-मशिनरीच्या प्रदर्शनात दिवसभर स्टॉलवर उभं राहून पाय भरून येतात. शहरासाठी उरते एक सकाळ, नाहीतर एक संध्याकाळ.

सकाळी लवकर अंबाबाईचं दर्शन निवांत होतं, काळ्या दगडातलं कोरीवकाम डोळे भरून बघता येतं. भवानी मंडप तिथून चार पावलांवर. मग मिसळ. इथं ती ब्रेडच्या जाड स्लाइससोबत मिळते, कट वरून मागून घ्यायचा. पण स्टॉल उघडायची वेळ डोक्यात असतेच आणि शेवटचे घास घाईत जातात.

माझं मत संध्याकाळला. रंकाळा तलावावर वारा खायचा, मग मटणाचं ताट. आधी पांढरा रस्सा घ्या: मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस. वाटी सरळ तोंडाला लावायची. तांबडा त्यानंतर, भाकरीशी. झणझणीत असतो, पण नुसता तिखट नाही. भाजलेलं खोबरं आणि तीळ जिभेला कळतात.

आणि शेवटी गंगावेशीतला दूध कट्टा. डोळ्यांसमोर म्हैस पिळतात, पेल्यात कोमट, फेसाळ दूध येतं. बाहेरगावचा ग्राहक सोबत असला की मी त्याला तिथं नेतोच. ओठांवर फेसाची मिशी घेऊन माणूस मोकळा बोलायला लागतो.