दुबई की म्युनिक? आधी निघायची तारीख बघा

नागपूरच्या मिहान या उद्योग वसाहतीत तीन वर्षं काढलेल्या माझ्या भाच्यापुढे सध्या दोन ऑफर आहेत, एक दुबईची आणि एक म्युनिकची. घरात तर्रीपोह्यांसोबत चर्चा चालते ती एकाच मुद्द्यावर: "दुबईत टॅक्सच नाही ना बाप्पा, मग विचार कायचा करतो?" मुद्दा अर्धाच खरा आहे.

दुबईत पगारावर आयकर नाही, हे बरोबर. पण १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही भारतात १८२ किंवा जास्त दिवस राहिलात, तर इथले निवासी ठरता आणि जगभरातल्या कमाईवर इथे कर लागतो. दुबईत कर नाही म्हणून भारत आपला कर सोडत नाही. नोकरीसाठी बाहेर पडणारा २८ सप्टेंबरला निघाला तर दिवस भरतात १८१. २९ ला निघाला की १८२. मोजणी पासपोर्टवरच्या शिक्क्याची होते, म्हणून नागपूरहून संध्याकाळी निघून मुंबईला मध्यरात्रीनंतर इमिग्रेशन केलंत तर तारीख पुढची पडते, हेही लक्षात ठेवा.

भाच्याचाच हिशोब घेऊ, समजा तो सप्टेंबरअखेरीस निघतोय. पगार महिना १ लाख, म्हणजे सप्टेंबरपर्यंत ६ लाख. दुबईचे उरलेले सहा महिने १७ लाखांचे धरू. वेळेत निघाला तर तो अनिवासी, आणि कर फक्त इथल्या ६ लाखांवर. ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि नव्या प्रणालीतले पहिले ४ लाख सोडून उरलेल्यावर ५ टक्के, सेस (करावरचा उपकर) धरून ६,५०० रुपये. (१२ लाखांपर्यंत कर शून्य करणारी सवलत फक्त निवासींना आहे. कंपनीनं ती गृहीत धरून काहीच कापलं नसेल, तर हे साडेसहा हजार रिटर्न भरताना स्वतःच द्यायचे.) आठवडाभर उशिरा निघाला तर एकूण २३ लाखांवर कर बसतो: २,६६,५०० रुपये. निरोपाच्या पार्ट्या फार महाग पडतात.

आणि निघालात म्हणजे सुटलात असंही नाही. २८ सप्टेंबरला गेलेला माणूस दिवाळीला आठ दिवस घरी आला, की १८२ ची रेघ ओलांडली. आईला कितीही वाईट वाटो, त्या वर्षी एकतर दिवाळी नाही, नाहीतर आधीच निघायचं. माझा सल्ला नागपुरी आहे: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा आणि मारबत झाली की बॅग भरा. मग बहुतेक वर्षी दिवाळीपुरते दिवस शिल्लक राहतात.

म्युनिकचं गणित वेगळं. तिथे आयकर आणि सामाजिक विमा मिळून एकट्या माणसाच्या पगारातले साधारण ३५ ते ४० टक्के आधीच जातात. इथे निवासी ठरलात तरी तिथे भरलेल्या आयकराची इथल्या करातून वजावट मिळते, त्यासाठी वेगळा फॉर्म असतो. मात्र विम्याचे हप्ते त्यात धरत नाहीत, त्यामुळे इथेही थोडाफार भरावा लागू शकतो. दुबईइतका मार नाही, पण कागद जास्त. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. ऑक्टोबरात रुजू झालात तर दर महिन्याला वर्षभराच्या हिशोबानं कर कापतात, म्हणून तिथलं विवरणपत्र भरून बराचसा परतावा मिळण्याची शक्यता असते. मग वजावटही तेवढी कमी होते. पोचल्यावर आधी पत्त्याची नोंदणी करा. त्यानंतर टपालानं येणारा ११ आकडी करक्रमांक कंपनीला दिला नाही, तर कर सर्वांत जड करवर्गानं, म्हणजे सहाव्या वर्गानं कापला जाऊ शकतो.

थोडक्यात सांगायचं तर नुसत्या करासाठी दुबई निवडायची असेल, तर रुजू व्हायची तारीख सप्टेंबरअखेरच्या आधी हवी, नाहीतर सरळ पुढचा एप्रिल मागून घ्या. कंपनी ऑक्टोबर ते मार्च यातलीच तारीख देत असेल, तर "करमुक्त" हा शब्द त्या वर्षापुरता विसरून दोन्ही पगार ताडून बघा. भाच्याला जानेवारीची तारीख आहे, म्हणून मी म्युनिककडे झुकलोय. आमच्या वहिनी अजून दुबईवरच ठाम आहेत.

बाकीची कामं दोन्हीकडे सारखीच. बचत खातं एनआरओ (अनिवासींचं इथल्या कमाईसाठीचं खातं) करून घ्या, तिकडची कमाई इकडे ठेवायला एनआरई उघडा. एनआरईचं व्याज करमुक्त, एनआरओच्या व्याजावर मात्र ३० टक्के आणि वर सेस कापतात. निवासी म्हणून रिटर्न भरायचं असेल, तर परदेशातलं बँक खातं त्यात दाखवा. आणि इथला मोबाइल नंबर बंद करू नका, रिटर्नची पडताळणी आधारनं केली, तर ओटीपी त्याला जोडलेल्या नंबरवरच येतो.