होलुप्की करायच्या तर गड्डा पिंपातलाच घ्या

भाजीबाजारातल्या पिंपातल्या आंबवलेल्या कोबीच्या गड्ड्याला पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

मी चिंचवडची. नवऱ्याची नोकरी स्लोव्हाकियात, नित्राला, 2018 मध्ये सुरू झालेल्या जग्वार लँड रोव्हरच्या कारखान्यात. कंपनी टाटांची, त्यामुळे सासूबाईंना अजून वाटतं की आम्ही पिंपरीच्या जरा पुढे कुठेतरी राहतो.

आमच्या खालच्या मजल्यावर पूर्व स्लोव्हाकियातल्या, प्रेशोव्हकडच्या एक आजी राहतात. गेल्या नाताळात त्यांच्याकडे होलुप्की खाल्ल्या आणि तेव्हापासून डोक्यात तेच. आंबवलेल्या कोबीच्या पानात खिमा आणि तांदूळ गुंडाळून दोन तास मंद शिजवायचे. शब्दाचा अर्थ छोटी कबुतरं. पुस्तकी भाषेत 'होलूप्की', पण आजींच्या पूर्वेकडे स्वर लांबवायची पद्धतच नाही, म्हणून होलुप्की. तिकडून अमेरिकेत गेलेल्यांची नातवंडं पिट्सबर्गमध्ये हलुप्की म्हणतात. मी आजींचंच ऐकते.

पहिला गड्डा घेतला एका मोठ्या सुपरमार्केटात. प्लास्टिकमध्ये हवा काढून बंद केलेला, दीड किलोचा, दिसायला झकास. घरी येईपर्यंत पिशवीच्या कोपऱ्यातून खार गळून बसमध्ये माझ्या शेजारच्या दोन सीट रिकाम्या झाल्या. उघडला तर मधला दांडा तसाच आत, त्यामुळे पानं बुडाशी कच्ची आणि टोकाला लिबलिबीत. सोळा पानांतली सात फाटली. उरलेली इतकी खारट की दोनदा पाणी बदलून भिजत घातली, तर आंबटपणाही पाण्याबरोबर गेला. वर मी सारणात बासमती घातला होता. बासमतीचा दाणा दाण्याला धरत नाही, सुरी लावली की आतलं सगळं ताटभर. आजींनी एक खाल्ली आणि म्हणाल्या, ''भात चांगला झालाय.'' आपल्याकडच्या सासवासुद्धा इतकं नेमकं बोलत नाहीत.

दुसऱ्या वेळी त्याच मला भाजीबाजारात घेऊन गेल्या. तिथे शेवटच्या ओळीत एक काका निळं पिंप घेऊन बसतात. किसलेला आंबट कोबी सगळेच विकतात, पण यांच्याकडे त्याच किसाच्या थरांत अख्खे गड्डे पुरलेले असतात. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक वर काढला. पिवळट, जरासा चपटा, आणि बुडाशी मुठीएवढा खड्डा. आंबवायच्या आधीच दांडा कोरून तिथे मीठ भरतात, म्हणजे खार आतल्या पानापर्यंत पोचतो. मग पाच-सहा आठवडे पिंपात. ''होलुप्कीसाठी?'' काकांनी विचारलं, आणि दुसऱ्या हाताने पेल्यात तो खार काढून चाखायला दिला. कैरीच्या लोणच्याचं पाणी तिखट काढून प्यायल्यासारखं. आजींचे यजमान एक जानेवारीला सकाळी तो पेलाभर घेतात. कशावर उतारा, ते सांगायला नको.

पानं अशी सुटली की जीव गार झाला. बोटाने बुडाशी जरा ढिलं केलं की अख्खं पान हातात येतं, साटिनच्या कापडासारखं मऊ आणि तरी न फाटणारं. मधली शीर मात्र जाड. आजी म्हणाल्या सुरीने तास. मी पान पालथं घालून पाठीची शीर पात्याने सपाट केली, अळूवडीला करतो तशीच, तर त्यांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. अळूला खाज मारायला चिंच लागते, इथे आंबट पानातच आहे, एवढाच फरक.

सारण साधं: अर्धा किलो डुकराचा खिमा, वाटीपेक्षा कमी अर्धवट शिजवलेला तांदूळ, परतलेला कांदा, लसूण, एक अंडं, मिरी, तिखट नसलेली लाल पाप्रिका आणि मार्जोरम नावाचा सुगंधी पाला. मार्जोरम टाळू नका. त्याच्याशिवाय हा नुसता खिमा लागतो. तांदूळ गोल दाण्याचा हवा. इंद्रायणी मिळाला असता तर काय पाहिजे होतं! गुंडाळी घट्ट नको, भात आत फुगतो. आजी पानाची एक बाजू मोकळी ठेवून ती शेवटी बोटाने आत खोचतात, शिवण न दिसता पुडी बंद. माझ्या पहिल्या चार विड्यांसारख्या झाल्या.

पातेल्याच्या तळाला फाटकी पानं आणि धुरावलेल्या बरगड्या, वर होलुप्की खेटून, मग पाणी आणि थोडा टोमॅटो. दोन तास अगदी मंद, ढवळायचं नाही, फक्त पातेलं हलवायचं. दुसऱ्या दिवशी जास्त चांगल्या लागतात, हे खरं आहे. वर आंबट साय, बाजूला पाव.

नवरा गुरुवारी मांसाहार करत नाही. त्याचीही सोय निघाली. पूर्वेकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी उपास असतो, तेव्हा हीच होलुप्की मांस न घालता, सुकवलेले मश्रूम आणि तांदूळ भरून करतात. त्यासाठी छोटं पातेलं वेगळं लावलं, बरगड्या अर्थातच नाहीत. खरं सांगू? मश्रूमच्या मला जास्त आवडल्या.

आता तो अर्धा तारा. काका गड्डा निवडू देत नाहीत. हाताला येईल तो तुमचा, मग पानं मोठी निघोत की तळहाताएवढी. माझ्या गड्ड्यातली तेरा कामाची निघाली, बाकीची तळाला गेली. आणि पिशवी देतात ती अगदीच पातळ. मी आता झाकणाला क्लिपा असलेला स्टीलचा डबा नेते, तुळशीबागेतला. काकांनी तो उलटा करून, झाकण ओढून पाहिलं आणि विचारलं, ''हा कितीला देणार?''