दिवाळी किराणा कार्डात माझे 28,000 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

सांगलीत दिवाळीच्या किराण्याची कार्डं चालतात: किराणा दुकानदाराकडे दर महिन्याला हप्ता भरायचा आणि दिवाळीला त्याच्याकडून माल घ्यायचा. माझं कार्ड महिना 700 रुपयांचं होतं. दहा हप्ते, म्हणजे 7,000, आणि त्यावर छापील किमतीने 9,000 चा माल: तेलाचा डबा, साखर, रवा, मैदा, डाळी. 2025 च्या दिवाळीसाठी मी अशी तीन कार्डं घेतली होती. 21,000 रुपये. वरचे 7,000 कसे गेले ते पुढे सांगते.

त्याआधी एक बोलायचंय, कारण नात्यात मला हावरट ठरवून झालं आहे. मिस्टर कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहेत, पगार ठरलेला. लग्न झाल्यापासून मी खर्चाची वही लिहिते. वर्षाचे गहू उन्हाळ्यात भरायचे, चटणीची मिरची तेव्हाच घ्यायची, डाळीचं पोतं गणपती पेठेतून चार घरांत मिळून आणायचं. एवढं करून जे साठतं ते दिवाळीच्या एका आठवड्यात संपतं. तो भार दहा महिन्यांवर पसरावा म्हणून कार्ड घेतलं. आणि डोळे झाकून घेतलं नाही. 2024 ला एकच कार्ड घेतलं होतं, माल वेळेवर मिळाला, घरी काट्यावर वजन करून बघितला. मगच पुढच्या वर्षी तीन घेतली. यात माझी हाव कुठली?

पण तो पहिल्या वर्षीचा माल हाच गळ होता. तेव्हा माझ्या कार्डाचा नंबर 63 होता. दुसऱ्या वर्षी 412, 413, 414. माल मिळाल्याचं आम्हीच घरोघर सांगितलं, दुकानदाराला जाहिरात करावी लागली नाही. मी जाऊबाईंना सांगितलं, शेजारच्या काकूंना सांगितलं, आणि आमच्याकडे धुण्याभांड्याला येतात त्या मावशींनाही सांगितलं. जाऊबाईंनी आणि मावशींनीही कार्ड घेतलं.

आता ती ऑगस्टमधली दुपार. गणपतीच्या आधीचा आठवडा होता. हप्ता भरायला गेले आणि म्हटलं, आलेच आहे तर दोन किलो गूळ द्या. तो म्हणाला, "गूळ संपलाय की वो ताई." गणपतीच्या तोंडावर, गुळाचा एवढा मोठा सौदा निघतो त्या सांगलीत, किराणा दुकानात गूळ नाही! मी मान वर करून बघितलं तर फळ्यांवर पुढे एकेक ओळ पुड्यांची, आणि मागे भिंत दिसत होती. बिस्किटांचे पुडे आडवे मांडले होते, जागा भरल्यासारखी वाटावी म्हणून. पोरगं एकच, मालक स्वतः गल्ल्यावर. वर्षानुवर्षं दुकानं बघत आलेली बाई मी, मला ते दिसलं. दिसलं आणि मी मनाशी म्हटलं, सणाची गर्दी, माल उचलला गेला असेल. ही दुपार मला रोज आठवते. त्याच पावली परत फिरले असते तर निदान त्या दिवसाचे पैसे वाचले असते.

उलट मी जास्त भरले. तो म्हणाला, "राहिलेले दोन हप्ते एकदम भरा, कार्डामागं पाच किलो साखर जादा देतो, मालाचं बुकिंग आत्ताच करायचं आहे." तीन कार्डांचे 4,200 झाले. काचेवरचा क्यूआर कोड नवीन होता, मोबाइलवर नाव दुसऱ्याच कुणाचं तरी आलं. विचारलं तर म्हणाला, मेहुण्याचं खातं आहे. कार्डावर शिक्का मारला नाही, पेनाने सही केली, म्हणे शिक्का घरी राहिला. नाव वेगळं आलं की तिथल्या तिथे पैसे थांबवा, मेहुणा असो नाहीतर भाऊ.

दसऱ्यानंतर शटर उघडलं नाही. फोन बंद. घर भाड्याचं होतं, तेही रिकामं.

आमच्या गल्लीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. महिना 700 ची आवर्त ठेव सात टक्क्यांनी दहा महिने ठेवली तर व्याज सव्वादोनशेच्या आसपास येतं. हा दुकानदार 2,000 चा फायदा देत होता. तेल-साखरेवर किराणावाल्याला फार थोडं सुटतं, मग हे 2,000 कुठून येणार होते? पुढच्या वर्षीच्या कार्डवाल्यांकडूनच. मी वही लिहिते, बेरजा करते, पण हे गणित मांडलं नाही. अशा 700 च्या दहा हप्त्यांवर दोनअडीचशेपेक्षा जास्त फायदा कुणी सांगितला तर तिथूनच उठा.

आता पोलिसांचं. पहिल्या ठाण्यात अडीच तास बसवून सांगितलं, हा दिवाणी वाद आहे, ग्राहक आयोगात जा. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, दुकान आमच्या हद्दीत येत नाही. तिथे एकाने मला तोंडावर विचारलं, "सात हजाराच्या कार्डासाठी गुन्हा दाखल करायचा होय?" मावशींचा तेव्हाचा चेहरा मी विसरणार नाही. सात हजार म्हणजे त्यांचे आमच्या घरचे चार महिन्यांचे पैसे. दुकानाची नोंद जिथे होते त्या कार्यालयात गेलो, तर ते म्हणाले, आम्ही दुकान नोंदवतो, योजना नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, पण समोर दुकानच नसेल तर मध्यस्थी कुणाशी करणार? चार ठिकाणी पाय झिजवले, चारही ठिकाणी आम्हालाच विचारलं, पैसे भरलेच कशाला? चारशे कार्डं उघड्यावर रस्त्याकडेच्या दुकानात विकली जात होती, तेव्हा यांना ती दिसली नाहीत का?

शेवटी ओळखीच्या वकीलबाईंनी सांगितलं ते लिहून ठेवा. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार घ्यावी लागते, तसं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे, आणि ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवता येते. ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा 1999 चा कायदा आहे, त्यात पैशांच्या बदल्यात वस्तू द्यायची बोलीसुद्धा ठेवीत धरली आहे. म्हणून "हा वाणसामानाचा व्यवहार, ठेव नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. आणि जाल तिथे अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पहिल्या दोन ठाण्यांत आम्ही ती मागितली नाही, त्यामुळे तिथे गेल्याचा कागदच नाही.

मावशींचे 7,000 मी माझ्याकडून दिले, हेच ते वरचे 7,000; त्यासाठी मुलाच्या क्लासची फी दोन महिने थांबवली. जाऊबाईंना मात्र देऊ शकले नाही. त्या दिवाळीला आल्या नाहीत.

अर्ज आम्ही टपालाने अधीक्षकांकडे पाठवला आहे. पैसे भरल्याचे मोबाइलवरचे पुरावे, दोन्ही वर्षांची कार्डं आणि त्या मेहुण्याच्या खात्याचं नाव सोबत जोडलं आहे. अर्जावर सह्या आहेत अकरा. कार्डं चारशेच्या वर होती. बाकीच्या बायका म्हणतात, घरात कळलं तर बोलणी बसतील. अगं, मलाही बसली. तुमचं कार्ड फाडू नका, त्याची झेरॉक्स काढा, मेसेज पुसू नका आणि बाराव्या सहीला या.