व्हॅक्यूम क्लीनरची भीती: ध्वनिमुद्रण की प्रत्यक्ष यंत्र?

व्हॅक्यूम क्लीनर सुरू होताच पलंगाखाली दडणाऱ्या कुत्र्याची भीती घालवण्याचे दोन मार्ग आहेत: यंत्राचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावून तो क्रमाने वाढवत नेणे, किंवा खुद्द यंत्राशीच टप्प्याटप्प्याने ओळख करून देणे. दोन्हींत आवाजापाठोपाठ आवडता खाऊ द्यायचा असतो, जेणेकरून आवाज आला की काहीतरी चांगले मिळते, अशी सांगड कुत्र्याच्या मनात बसते.

ध्वनिमुद्रणाचा मोठा फायदा म्हणजे आवाजाची पातळी पूर्णपणे आपल्या हाती राहते. परंतु माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकू येते, तर कुत्र्याला ४०,००० हर्ट्झच्याही पलीकडचे ऐकू येते, आणि मोबाइलचा स्पीकर माणसाच्या कानासाठी बनवलेला असल्याने आवाजाचा तो वरच्या पट्टीतला भाग त्यातून उमटतच नाही. शिवाय अनेक कुत्री आवाजाइतकीच यंत्राच्या अंगावर येणाऱ्या हालचालीला घाबरतात.

म्हणून मला प्रत्यक्ष यंत्राचा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो: आधी बंद यंत्र खोलीत नुसते ठेवावे, मग ते सुरू न करता हलवावे, नंतर दूरच्या खोलीत दार लावून काही क्षण चालवावे. अंतर आणि दारे हीच इथे आवाज कमी करण्याची साधने. ज्या कुत्र्याला दाराआडचा आवाजही सोसवत नाही, त्याच्यासाठी आरंभ ध्वनिमुद्रणानेच करावा. कुत्रा वारंवार ओठ चाटू लागला, जांभया देऊ लागला किंवा खाऊ नाकारू लागला, तर मागच्या पायरीवर यावे. त्याला धरून यंत्राजवळ नेणे ही तर क्रूरताच आहे.