रेझिन तेच, हार्डनर बदललेला: धातू चिकटवणाऱ्यांनी हे वाचावं

इपॉक्सीने, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाने, धातूचे भाग जोडणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. आमच्या पुरवठादाराने आम्हाला हार्डनरमध्ये फसवलं. रेझिनच्या डब्यात खोट नव्हती, म्हणून ही फसवणूक चटकन लक्षात येत नाही.

सुरुवातीचा माल अमाइन (नायट्रोजन असलेलं रसायन) हार्डनरचा होता. १०० भाग रेझिनला १३ भाग हार्डनर, तोही वजनाने मोजून, आणि मग ओव्हनमध्ये पकवायचं. मोटारीच्या गरम आवरणावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवायच्या होत्या. ते जोड ठाम राहिले. पुढे ‘सुधारित’ माल आला. लेबल तेच, तापमानाचे आकडे तेच. पण प्रमाण निम्मं-निम्मं, ओव्हन नको, पाच मिनिटांत घट्ट. पुरवठादाराने आमच्यासमोर दोन पट्ट्या चिकटवल्या आणि ओढायला दिल्या. सुटल्या नाहीत. थंड जोडावर घेतलेली ही चाचणी उष्णतेबद्दल काहीच सांगत नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मोटार तापली की पट्ट्या हळूहळू सरकायच्या, मग निखळायच्या. तक्रार केल्यावर उत्तर आलं, “तुमची सफाई नीट झालेली नाही.” हे धादांत खोटं होतं. सफाई कमी पडली तर गोंद एका बाजूने सोलल्यासारखा सुटतो आणि धातू उघडा पडतो. आमच्या जोडांत गोंद दोन्ही बाजूंना चिकटून होता, फाटला होता तो मधोमध. धातूवरची पकड शाबूत होती, गोंदच मऊ पडला होता.

हार्डनर रेझिनला नुसता सुकवत नाही. त्याचे रेणू रेझिनच्या रेणूंशी जोडले जातात आणि तयार होणाऱ्या जाळ्याचा भाग बनतात. अमाइनचं जाळं दाट विणलं जातं. नीट पकवलं तर १०० अंश सेल्सियसच्या पुढेही कडक राहतं. आम्हाला दिलेल्या डब्याला गंधकासारखा उग्र वास होता. तो मर्कॅप्टन, म्हणजे गंधक असलेल्या रसायनांच्या जातीचा हार्डनर निघाला. हा झटपट घट्ट होतो, पण साधारण ५०-६० अंशांपासून त्याचा जोड ढिला पडू लागतो. तातडीच्या डागडुजीसाठी तो उत्तमच आहे, माझा राग त्याच्यावर नाही. तो उष्णता सोसणारा म्हणून, जुन्या मालाचे आकडे छापून विकला, याचा आहे.

प्रमाण किंवा घट्ट होण्याची वेळ बदलली की रसायनही बदललं असं धरून चाला आणि हार्डनरची स्वतंत्र सेफ्टी डेटा शीट (रसायनाचे घटक आणि धोके सांगणारं पत्रक) मागा. तिच्या तिसऱ्या भागात घटक दिलेले असतात. प्रत्येक नव्या बॅचच्या दोन पट्ट्या चिकटवा, पूर्ण पकू द्या, मग प्रत्यक्ष कामाच्या तापमानाला ओव्हनमध्ये वजन टांगून ठेवा. थोडा वेळ नाही, रात्रभर. सरकण्याची खूण दिसली तर त्या बॅचचे बाकीचे डबे उघडू नका, सीलबंद परत करा. उघडलेला माल आमच्याकडून परत घेतला गेला नाही.