नाशिकहून क्रूझला नेणाऱ्या सहल कंपनीची सेवा: काय चांगले होते, काय कमी पडले

कॉलेज रोडवर कार्यालय असलेल्या एका सहल कंपनीमार्फत आम्ही नुकतीच मुंबई, गोवा आणि लक्षद्वीप अशी क्रूझची सहल केली. आम्ही म्हणजे मी, माझे पती, सासूबाई आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. कंपनीचे आणि जहाजाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण जे चांगले होते आणि जे कमी पडले ते दोन्ही या प्रकारच्या बहुतेक सहलींना लागू पडेल असे मला वाटते.

जहाज चालवणारी कंपनी वेगळी आणि आपल्याला तिकीट विकणारी कंपनी वेगळी, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. नाशिकच्या कंपनीकडून आपण विकत घेतो ते केबिनचे आरक्षण, मुंबईपर्यंतची बस, सोबत येणारा टूर मॅनेजर आणि माहिती. यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण जहाज एकदा धक्क्यावरून सुटले की विसरलेली वस्तू किंवा राहिलेली चौकशी दुरुस्त करायला फारसा वाव उरत नाही. कंपनीने निघण्यापूर्वी सर्व प्रवाशांची एक बैठक घेतली होती. त्या बैठकीत जे नीट सांगितले गेले त्या बाबतीत कोणाचीही गैरसोय झाली नाही आणि जे राहून गेले तिथे लोकांचा पैसा गेला किंवा मनस्ताप झाला.

चांगल्या गोष्टींमध्ये केबिन निवडण्याचे मार्गदर्शन मी सर्वांत वर ठेवीन. कार्यालयातल्या ताईंनी जहाजाच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा समोर ठेवला आणि केवळ दर पाहून केबिन घेऊ नका असे स्पष्ट सांगितले. जहाज लाटांवर पुढेमागे आणि आडवे डोलते तेव्हा टोकांना आणि वरच्या मजल्यांवर हालचाल जास्त जाणवते, तर मधल्या भागात आणि खालच्या मजल्यांवर ती सर्वांत कमी असते. मागच्या टोकाला यंत्रांची आणि पंख्यांची थरथर जाणवते, पुढच्या टोकाला नांगर टाकतानाचा खडखडाट ऐकू येतो, आणि नाचगाण्याच्या दालनाच्या वर किंवा खाली केबिन मिळाली तर मध्यरात्रीपर्यंत झोप लागत नाही. बाल्कनीची केबिन दिसायला सुंदर असते, परंतु ती बहुधा वरच्या मजल्यांवर असते. सासूबाईंचे गुडघे आणि त्यांना प्रवासात होणारा त्रास लक्षात घेऊन त्यांनी आम्हाला मधल्या भागातली, लिफ्टपासून जवळची, खिडकीची केबिन सुचवली. बाल्कनी विकली असती तर त्यांना जास्त पैसे मिळाले असते, म्हणून या सल्ल्याबद्दल मला त्यांचे विशेष कौतुक वाटते.

बोट लागण्याबद्दलही त्यांनी भरपूर सांगितले. कानाच्या आतल्या भागाला हालचाल जाणवते, पण बंद केबिनमधल्या भिंती डोळ्यांना स्थिर दिसतात आणि या विसंगतीमुळे मळमळ सुरू होते. म्हणून त्रास वाटू लागताच अंथरुणावर पडून मोबाइल पाहण्याऐवजी उघड्या डेकवर जाऊन दूरच्या क्षितिजाकडे पाहावे. उपाशी राहिल्यानेही त्रास वाढतो, त्यामुळे कोरडे आणि हलके काहीतरी खात राहावे. आल्याची वडी बऱ्याच जणांना उपयोगी पडली. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा फायदा होत नाही, ती आधीच घ्यावी लागते, हेही त्यांनी सांगितले. यात मी एक भर घालते. आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या प्रोमेथाझिनच्या गोळीने गुंगी येते आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना ती अपायकारक ठरू शकते, म्हणून ज्येष्ठांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ती बरोबर न्यावी. आमच्या गटात निम्म्याहून अधिक ज्येष्ठ नागरिक होते, तरीही बैठकीत हा मुद्दा कोणी काढला नाही.

मुंबईपर्यंतच्या प्रवासाचे नियोजन उत्तम होते. बस पहाटेच सुटली आणि त्यावरून काही जणांनी कुरकुर केली, पण मी कंपनीच्या बाजूची आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो हे खरे, तरीही भिवंडी आणि ठाण्याची कोंडी कोणाला चुकलेली नाही. जहाज सुटण्याच्या बरेच आधी चेक-इन बंद होते आणि उशिरा पोहोचणाऱ्यांसाठी ते थांबत नाही. सामान मोजके असेल तर पंचवटी एक्सप्रेसने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून टॅक्सीने जहाज सुटते त्या बॅलार्ड पिअर धक्क्याला जाणेही सोपे आहे. अंतर अगदी थोडे आहे. आमच्यातले एक दांपत्य तसेच आले आणि आमच्याइतकेच वेळेवर पोहोचले.

धक्क्यावर मोठ्या बॅगा ताब्यात घेतल्या जातात आणि त्या केबिनच्या दाराशी संध्याकाळपर्यंत येतात. त्यामुळे औषधे, चष्मा, ओळखपत्र, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवावा, ही सूचना बैठकीत मिळाली होती आणि सर्वांनी ती पाळली. मात्र हेच शेवटच्या रात्री उलट्या दिशेने घडते, हे कोणी सांगितले नाही. उतरण्याच्या आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या रात्रीतूनच खाली नेल्या जातात. इंदिरानगरचे एक काका शिस्तीचे असल्यामुळे त्यांनी सगळे सामान व्यवस्थित भरून वेळेत बाहेर ठेवले आणि सकाळी त्यांच्याजवळ अंगावरच्या लेंग्याखेरीज काहीही उरले नाही. कपड्यांचे शेजाऱ्यांनी निभावले, पण रक्तदाबाची सकाळची गोळीही त्याच बॅगेत होती आणि ती त्यांना धक्क्यावर बॅग मिळाल्यावर, बऱ्याच उशिरा घेता आली. टूर मॅनेजरने आदल्या संध्याकाळी एक वाक्य सांगितले असते तर हा प्रसंग टळला असता.

इस्त्री, पाणी तापवायची किटली आणि एक्स्टेन्शन बोर्ड आगीच्या भीतीने जहाजावर नेऊ देत नाहीत. घरचे शिजवलेले अन्न आम्हाला नेता आले नाही, बंद पाकिटातल्या चिवड्याला मात्र हरकत घेतली गेली नाही. मुंबईच्या नातेवाइकांना भेट देण्यासाठी एकाने नाशिकच्या वाईनची बाटली घेतली होती, ती तपासणीत काढून ठेवली आणि परतल्यावर पावती पाहून दिली. पावती जपून ठेवावी.

आता ज्या बाबतीत मला कंपनीच्या वागण्याचा खरोखर राग आला ती गोष्ट. जहाज सुटण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाला आपत्कालीन कवायतीसाठी ठरलेल्या जागी जावे लागते. आमच्या टूर मॅनेजरने ही केवळ औपचारिकता आहे, हजेरी लावून चहाला या, असे सांगितले, आणि काही जण तेही न करता केबिनमध्ये बसून राहिले. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीच्या जिलिओ बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आपटून कलंडले आणि 32 माणसे मृत्युमुखी पडली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण त्या वेळच्या नियमानुसार ती चोवीस तासांच्या आत घेतली तरी चालत असे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि 2015 पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच कवायत घेणे बंधनकारक झाले. सात आखूड भोंगे आणि त्यानंतर एक लांब भोंगा ही धोक्याची खूण आहे. ती ऐकू आल्यावर कोणत्या जिन्याने कुठे जायचे, हे ज्येष्ठ माणसाला एकदा पायांनी चालून कळलेले असले पाहिजे, कारण अशा वेळी लिफ्ट वापरता येत नाही. नाशिकसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरातून पहिल्यांदाच जहाजावर चढणाऱ्या माणसांना नेणाऱ्या कंपनीने या बाबतीत तरी गंभीर असावे, अशी माझी अपेक्षा आहे. जहाजाच्या कर्मचाऱ्यांनी मात्र सासूबाईंना लाइफ जॅकेट कसे बांधायचे ते न कंटाळता दोनदा दाखवले.

दुसरी मोठी उणीव मोबाइलची. किनारा दूर गेला की नेहमीचे नेटवर्क जाते आणि फोन आपोआप जहाजावरच्या उपग्रहाधारित नेटवर्कला जोडला जाऊ शकतो. आपण भारतीय बंदरांदरम्यान प्रवास करत असलो तरी त्याचे दर सागरी रोमिंगचे असतात आणि ते सामान्य दरांच्या अनेक पट असतात. चढल्याबरोबर फोन फ्लाइट मोडवर टाकणे आणि हवे असेल तर जहाजाचे वायफाय स्वतंत्र पैसे भरून घेणे, एवढाच यावरचा उपाय आहे. पंचवटीतल्या एका कुटुंबाला हे घरी परतल्यावर बिलातून कळले. फोन बंद असल्याने माणसे एकमेकांना सापडत नाहीत, म्हणून आम्ही जेवणाच्या दालनाबाहेरची एक जागा आणि वेळ ठरवून घेतली होती; मुलगी दिवसभर कुठेही असली तरी त्या वेळी तिथे येत असे आणि सासूबाई निर्धास्त राहत.

जेवणाविषयी तक्रार नाही. शाकाहारी आणि जैन पदार्थ स्वतंत्र मांडलेले होते, जैन जेवणाची नोंद मात्र आरक्षणाच्या वेळीच करावी लागते. सासूबाईंच्या एकादशीला फळे, दूध आणि दही मिळाले. साबुदाण्याची अपेक्षा ठेवू नये. बुफेला जाण्यापूर्वी हात साबणानेच धुवावेत, कारण जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर नुसते सॅनिटायझर पुरेसे प्रभावी ठरत नाही. केबिन लहान पण स्वच्छ होती. न्हाणीघराला उंच उंबरा असतो आणि डेकवर उघडणारी दारे जड असून वाऱ्याने जोरात आपटतात, त्यामुळे ज्येष्ठांना पहिल्याच दिवशी दोन्ही दाखवून ठेवावे. भिंती लोखंडी असल्याने चुंबकाचे हुक चिकटतात आणि ओले टॉवेल टांगायची मोठी सोय होते.

गोव्यात जहाज मुरगाव बंदरात लागते. तिथून पणजी किंवा जुन्या गोव्याला जाऊन यायला रस्त्यावर बराच वेळ जातो. जहाजातर्फे घेतलेली सहल महाग असते, परंतु त्या बसला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. स्वतः टॅक्सी करून गेलेल्यासाठी ते थांबत नाही. परतण्याची वेळ म्हणजे जहाज सुटण्याची वेळ नव्हे, ती त्याच्या आधीची असते, हे टूर मॅनेजरने प्रत्येकाला बजावले होते आणि ते काम त्याने चोख केले.

लक्षद्वीपच्या बाबतीत मात्र पत्रकातली भाषा मला फसवी वाटली. तिथे मोठे जहाज बेटाला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून नेतात. होडीत उतरताना पाऊल टाकण्याच्या क्षणी ती वरखाली होत असते, आणि गुडघे दुखणाऱ्यांना ते कठीण जाते. समुद्र खवळलेला असेल तर उतरणे रद्द होते आणि तो निर्णय कप्तानाचा असतो, त्याविरुद्ध कोणाचे काही चालत नाही. आम्ही उतरलो, पण वारा वाढल्याने शेवटच्या होडीतल्या लोकांना बेटावर जेमतेम वेळ मिळाला. पत्रकात याचा उल्लेखही नव्हता, बेटदर्शन निश्चित असल्यासारखेच छापले होते. प्रवेशाचे परवाने कंपनीने वेळेत काढले होते, हे सांगायला हवे. किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे पिशवीत घालणाऱ्या मुलांना मात्र टूर मॅनेजरने अडवायला हवे होते. वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये प्रवाळ बाळगणे गुन्हा आहे. ते काम शेवटी तिथल्या होडीवाल्याने केले.

राहिला पैशाचा हिशेब. पत्रकावर 'सर्व खर्च समाविष्ट' असे ठळक छापले होते. प्रत्यक्षात सेवाशुल्क, वायफाय, काही खेळ, बाटलीबंद पेये आणि जहाजावरच्या डॉक्टरांची फी हे सर्व वेगळे असते. जहाजावर रोकड चालत नाही, केबिनच्या कार्डावर नोंद होत जाते आणि खर्च होत असल्याचे जाणवत नाही. स्वागतकक्षात रोज रात्री आतापर्यंतचे बिल पाहता येते. आमच्या बिलात एक खर्च दोनदा लागला होता, तो तिथल्या तिथे कमी करून मिळाला; शेवटच्या सकाळी तिथे इतकी लांब रांग होती की अनेकांनी तपासणी न करताच पैसे भरले.

परतल्यावर मी हे सर्व मुद्दे लिहून कार्यालयात दिले. ताईंनी ते शांतपणे वाचले, वादावादी केली नाही आणि इंदिरानगरच्या काकांना स्वतः फोन केला. कंपनीच्या नव्या पत्रकात सेवाशुल्काची रक्कम आता वेगळी छापलेली आहे. लक्षद्वीपला उतरणे हवामानावर अवलंबून असते ही ओळ मात्र अजून आलेली नाही, म्हणून तिथे आरक्षण करणाऱ्यांनी ती अट आणि उतरणे रद्द झाल्यास कोणते पैसे परत मिळतील, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे.